खुर्ची मागे झोपते, पण पुढची चाकं उचलली जातात

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो, माझी नोकरी ऐरोलीत. अर्धांगवायूनंतर वडिलांची मान सावरत नाही. ठाण्यातल्या एका दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचं वजन, उंची, अवस्था कळवून रिक्लायनिंग (पाठ मागे झोपणारी) व्हीलचेअर मागितली. ‘पूर्ण सपाट होते, तुमच्या पेशंटला हीच घ्या,’ असं त्याने लिहिलं. २२,५०० रुपये भरले. पाठ अर्ध्यावर अडते, टेकलं की पुढची चाकं वर येतात. शिवाय आमच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही. सहा आठवडे झाले. दुकानदार बिलावरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’कडे बोट दाखवतो.

उत्तर : आधी वडिलांना त्या खुर्चीत बसवणं थांबवा. खुर्ची मागे उलटली तर मान न सावरणाऱ्या माणसाचं काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. तुमची खरी ताकद तुमच्या मेसेजमध्ये आहे. वस्तू विक्री कायदा, १९३०च्या कलम १६नुसार, वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. ‘अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या’ म्हणून तुम्ही मागितली असतीत, तर हीच वाट अरुंद झाली असती. तुम्ही अवस्था सांगितलीत, निवड त्याने केली. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये विक्रेत्याने केलेल्या दाव्याप्रमाणे वस्तू नसणं हासुद्धा दोषच आहे. ‘पूर्ण सपाट’ हा दावा त्याचाच.

पुढे ग्राहक आयोगाकडे जावं लागलं, तर लिफ्टचा मुद्दा मात्र अर्जात घालू नका. लिफ्टचं माप तुम्ही कळवलं होतं का? नसेल, तर ती चूक आपली, आणि एका कच्च्या मुद्द्यामुळे पक्के मुद्देही संशयात येतात.

खुर्ची आहे तशी ठेवा, गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेऊ नका. आयोगाला ती तपासायला पाठवावीशी वाटू शकते. चाकं उचलली जातात त्याचा व्हिडिओ काढा, पण खुर्चीत वडिलांऐवजी तेवढ्याच वजनाची तांदळाची पोती ठेवून. तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून सहीनिशी दोन ओळी घ्या. मग दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : पंधरा दिवसांत पैसे परत करा, खुर्ची घेऊन जा. खुर्ची देताना पोच घेतल्याशिवाय सोडू नका.

त्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक गंमत आहे. पत्ता नवी मुंबईचा असला तरी खारघर रायगड जिल्ह्यात येतं, म्हणजे घराच्या पत्त्यावरून गेलात तर अलिबाग. पण २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे नोकरी करतो तिथेही तक्रार चालते. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे, दुकानही ठाण्यातच. तेव्हा तक्रार ठाण्यातच करा, ऑनलाइनही करता येते. दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. (हे आमच्या धंद्याला बरं नाही, पण खरं आहे.) त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर फोन येतो.

पुढची खुर्ची घेताना मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं आहेत का, हे बघा. नुसती पाठ झोपणाऱ्या खुर्चीत पुन्हा सरळ करताना पेशंट खाली घसरतो, माकडहाडाजवळची कातडी घासते आणि तिथेच जखम होते. बैठकीसकट अख्खी कलणारी खुर्ची वडिलांना बरी पडेल का, हे फिजिओथेरपिस्टला विचारा. दुकानदाराचं उत्तर काय येतं ते लेखीच घ्या, आणि या वेळी लिफ्टचं मापही लिहून कळवा.