तीन विषय, एकच धागा?

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. होत आहे. तिला ज्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची आहे, ते मेंदूच्या धर्तीवरील हार्डवेअर, वैद्यकीय उपकरणे आणि नवीकरणीय ऊर्जा अशा तीन विषयांत संशोधन करतात. इतक्या विखुरलेल्या कामात खोली राहते का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु कमीत कमी विजेत माहितीवर प्रक्रिया कशी करावी, हा प्रश्न या तिन्ही विषयांच्या मुळाशी असू शकतो. नेहमीच्या संगणकात स्मृती आणि प्रक्रिया करणारा भाग वेगवेगळे असल्याने माहितीची त्यांच्यामध्ये ने-आण करण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. मेंदूत अशी फारकत नाही, आणि सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असूनही त्याचे काम साधारण २० वॅटमध्ये भागते. आयबीएमने २०१४ मध्ये सादर केलेल्या, मेंदूच्या धर्तीवरील ट्रूनॉर्थ चिपमध्ये दहा लाख कृत्रिम चेतापेशी होत्या आणि ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालत असे. अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कल्पिलेला मेमरिस्टर, म्हणजे आधी वाहून गेलेल्या विद्युतभारावर ज्याचा रोध अवलंबून असतो असा घटक, चेतासंधीचे, म्हणजे दोन चेतापेशींमधील जोडाचे, काम करू शकतो; त्यावर आपल्या शिवाजी विद्यापीठातही संशोधन झाले आहे, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

आता छातीवर चिकटवायचे ईसीजीचे छोटे उपकरण घ्या. प्रत्येक ठोक्याची नोंद बिनतारी पाठवत राहिल्यास त्याची बॅटरी लवकर उतरते. उलट, ठोक्यांतील अनियमितता उपकरणातील अशा मेंदूसदृश चिपनेच ओळखली आणि तेवढीच सूचना पाठवली, तर ऊर्जेची मोठी बचत होते. असे उपकरण लहानशा सौरघटावर चालवायचे असेल, तर गगनबावड्याच्या पावसाळ्यातील अंधूक उजेडात मिळणारी तुटपुंजी वीज पुरेपूर वापरणारे सर्किटही रचावे लागते. येथे तिन्ही विषय एकाच उपकरणात येतात, आणि खेड्यातल्या हृदयरुग्णासाठी हे काम फार मोलाचे आहे.

मात्र नवीकरणीय ऊर्जेचे त्यांचे काम ग्रिडला जोडलेल्या मोठ्या सौरप्रकल्पांच्या इन्व्हर्टरवर असेल, तर हा धागा बराच सैल होतो. म्हणून मुलीने त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि आपला प्रबंध नेमका कोणत्या घटकावर किंवा सर्किटवर असेल, तो घटक कोणत्या प्रयोगशाळेत बनेल आणि त्याच्या चाचण्या कोठे होतील, हे प्रवेशापूर्वीच त्यांना विचारावे.