नोकरी आणि संसार सांभाळून गोव्यातील आयर्नमॅन ७०.३ची तयारी करता येते का?

करता येते, मात्र आठवड्याचे आठ-दहा तास कुठून काढायचे, हे घरच्यांशी बसून आधी ठरवावे लागते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे या स्पर्धेचे स्वरूप असून त्यांत सर्वाधिक वेळ सायकल खाते. म्हणून कामाच्या दिवसांत पहाटे, मुले उठण्यापूर्वी, घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, तासभर सायकल चालवावी आणि लांबचा पल्ला फक्त रविवारी ठेवावा. तोही उजाडताच निघून नाश्त्याच्या सुमारास परतता येईल असा. सायकलवरून उतरल्याबरोबर वीस मिनिटे धावण्याचा सराव केल्यास वेळही वाचतो आणि जड झालेल्या पायांची सवयही होते. पोहणे तेवढे तलावाच्या वेळापत्रकानुसारच करावे लागते. शिवाय समुद्रात ना भिंत असते ना तळाची रेघ, त्यामुळे स्पर्धेपूर्वी काही वेळा जाणकार सोबत्यासह तेथे उतरणे मी अनिवार्य मानतो. मुलाला ताप आला किंवा कार्यालयात रात्र झाली, तर त्या दिवसाचा सराव सोडून द्यावा. झोप मोडून तो भरून काढण्याचा हट्ट मी एकदा केला आणि त्यापायी आठवडाभर अंथरुणाला खिळलो.