वाचकांचे प्रश्न: दोन फुटांच्या टँकमध्ये मासे किती आणि कोणते?

प्रश्न (ऐरोली): महिन्यापूर्वी २ बाय १ बाय १ फुटांचा टँक घेतला. दुकानदाराने एकदम २ गोल्डफिश, ४ एंजल, ४ टायगर बार्ब, १० निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला १ सकर दिला. आता पाणी दुधाळ दिसते, एंजलचे पर फाटलेत, निऑन सहाच उरलेत आणि मेलेले मासे कुठे दिसत नाहीत. काय चुकले?

उत्तर: या टँकमध्ये वाळू घालून, वरची दोन इंच रिकामी सोडली की पाणी उरते जेमतेम ४२-४३ लिटर. मासे मोजताना दुकानातले दीड इंचाचे पिल्लू धरू नका, पूर्ण वाढलेला मासा धरा. गोल्डफिश सहा-आठ इंचांचा होतो आणि खाल्लेल्याची लांब दोरीसारखी विष्ठा दिवसभर सोडत राहतो. शिवाय तो थंड पाण्यातला. सकर फुटाच्या वर जातो. तो घाण खातो हा समज चुकीचा आहे. तो शेवाळ खातो आणि त्याची स्वतःची घाण इतर सगळ्यांपेक्षा जास्त असते.

निऑन मेलेले दिसत नाहीत, कारण बहुतेक ते एंजलच्या पोटात गेले. तोंडात मावेल तो मासा एंजल गिळतो. एंजलचे पर कुरतडणारा टायगर बार्ब. त्याला आठ-दहांचा थवा लागतो, म्हणजे आपसात पाठलाग करण्यात तो गुंततो. चारच असले की लांब परांचा शेजारी सापडतो.

दुधाळपणा नव्या टँकचा आहे. विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे घेतात. तेवढ्यात एकवीस मासे आले, तर अमोनिया साचणारच.

आज काय कराल? गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब आणि सकर दुकानात परत द्या. मन घट्ट करा, पण यातला एकही ठेवू नका. मग अमोनियाची टेस्ट किट आणून रोज तपासा आणि आकडा शून्यावर येईपर्यंत रोज ३० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी १० लिटरच्या बादलीत तुरीच्या डाळीएवढे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) दोन खडे विरघळवा, मगच पाणी टँकमध्ये ओता. खाणे दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकेच. स्पंज नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिले की उरलेल्या सहा निऑनमध्ये दोन घालून आठ करा. ठाण्या-ऐरोलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांवर जाते आणि निऑनला ते सोसत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी म्हणूनच कार्डिनल टेट्रा घ्यावा. तो उष्णता जास्त सहन करतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी एक हनी गौरामी आणि आणखी तीन आठवड्यांनी तळाशी पाच लहान जातीचे कोरिडोरस. तळ मऊ वाळूचा हवा, धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. बस, याहून एकही मासा नको. पुढे दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलत राहा.

प्रश्न (वाशी): मॉली जागच्या जागी डोलत राहतात, पर मिटून घेतात आणि मरतात. पाणी स्वच्छ आहे.

उत्तर: नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. पावसाचे साठलेले ते पाणी मऊ, त्यात क्षार कमी. मॉलीला क्षारयुक्त, जड पाणी लागते, म्हणून ती अशी एका जागी थरथरत डोलते. अमोनिया एकदा तपासून घ्या. तो शून्य असेल तर धुतलेल्या शिंपल्यांचा मूठभर चुरा कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ ठेवा. क्षार हळूहळू वाढू द्या, घाई नको. मात्र याच टँकमध्ये टेट्रा घालू नका, त्यांना तुमचे मऊ पाणीच मानवते.

गप्पींनाही जड पाणी आवडते. त्यांची नर-मादी एकत्र ठेवली तर मादी साधारण दर चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्ले देते, आणि नर काढून टाकला तरी पुढचे काही महिने देत राहते. दोन फुटांचा टँक भरून जायला दोन महिने पुरतात. फक्त नर घ्या.

प्रश्न (घोडबंदर रोड): टेबलावर १२ लिटरचा टँक आहे. फायटरसोबत काय ठेवता येईल?

उत्तर: काहीही नको, एकटा फायटर. गप्पीची रंगीत शेपटी त्याला दुसऱ्या फायटरसारखी वाटते आणि तो तिच्यावर तुटून पडतो. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून झाकण आणि पाण्यात दोन इंच अंतर ठेवा. फिल्टरचा झोत मंद हवा. जोराच्या झोतात त्याचे लांब पर त्याला दमवतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी २४ अंशांखाली उतरत असेल तर २५ वॅटचा हीटर लावा.

प्रश्न (ठाणे): सकर फूटभर झालाय. उपवन किंवा मासुंदा तलावात सोडला तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. सकर दक्षिण अमेरिकेतला आहे. आपल्याकडच्या तलावांत तो तग धरतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि देशी माशांचे अन्न व जागा बळकावतो. दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या ओळखीच्याकडे सोपवा. नेताना झाकणाच्या बादलीत त्याच्याच टँकचे पाणी घ्या. जाळीने उचलू नका, पराचे काटे जाळीत अडकून त्याला इजा होते; सरळ डब्याने पाण्यासकट उचला.