हरणारा उमेदवार

प्रिय मित्रा,

तुझा राजीनामा मिळाला. पुढे पाठवलेला नाही, टेबलाच्या खणात आहे. पण ‘आपण निवडून येणार नव्हतो हे तुम्हाला माहीत होतं, तर मला उभं का केलंत?’ हा तुझा प्रश्न खणात ठेवून भागणार नाही.

ब्राझीलमधल्या उलिसिस गिमाराइस या माणसाबद्दल तुला सांगायचं बरेच दिवस मनात होतं. 1964 साली तिथे लष्करानं सत्ता घेतली. 1965 मध्ये सगळे पक्ष बरखास्त करून दोनच ठेवले: सरकारी ‘आरेना’ आणि परवानगीपुरता विरोधी ‘एमडीबी’. लोक टिंगल करायचे, एक पक्ष ‘हो’ म्हणणारा आणि दुसरा ‘हो साहेब’ म्हणणारा! या एमडीबीचं अध्यक्षपद 1971 पासून उलिसिसकडे होतं. आणि ऐक, 1964 च्या उठावाला सुरुवातीला त्याचाही पाठिंबा होता. ‘आपल्याकडे स्वच्छ इतिहासाची माणसं कुठायत’ असं तू लिहिलंयस म्हणून मुद्दाम सांगतो. नंतरची वीस-पंचवीस वर्षं तो कुठे उभा राहिला ते मी बघतो.

1973 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी तो उभा राहिला. मतदार जनता नव्हतीच, एक निर्वाचक मंडळ होतं आणि त्यात सरकारी पक्षाचं बहुमत ठरलेलं. म्हणून त्यानं स्वतःला ‘उमेदवार’ म्हणवून न घेता ‘प्रति-उमेदवार’ म्हणवून घेतलं. सोबतीला उपाध्यक्षपदासाठी बार्बोसा लिमा सोब्रिन्यो हे वयोवृद्ध पत्रकार. दोघे राज्याराज्यांतून हिंडले. जिंकायचं नव्हतंच. पण उमेदवार म्हटल्यावर सभा घेता येते, बोलता येतं, आणि सेन्सॉरच्या त्या काळात ते साधन फार मोठं होतं. 15 जानेवारी 1974 ला मतमोजणी झाली: सरकारी पक्षाचे जनरल गायझेल 400, उलिसिस 76. त्याच्याच पक्षातल्या काही खासदारांनी त्याला मत दिलं नाही. शेवटच्या क्षणी माघार घेऊन या नाटकाचा निषेध करायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं, असं मला आजही वाटतं.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेटच्या निवडणुका झाल्या, आणि त्या थेट जनतेच्या मतावर. 22 पैकी 16 जागा एमडीबीनं घेतल्या. सगळं श्रेय त्या हिंडण्याला देणं भाबडेपणाचं होईल. महागाई वाढत होती, आणि टीव्हीवर मिळालेला वेळ विरोधकांनी नीट वापरला होता. सरकार किती हादरलं म्हणशील, तर 1976 मध्ये कायदा करून टीव्हीवर उमेदवाराचा फोटो आणि त्रोटक परिचय एवढंच ठेवलं. पण हिंडलेल्या पक्षाकडे माणसं होती, पत्ते होते, कुठल्या गावात कोण दार उघडतो याची माहिती होती. तुझ्याकडे आज काय आहे, ते मी शेवटी विचारणार आहे.

1978 मध्ये साल्वादोर शहरात पोलीस कुत्री घेऊन आडवे उभे होते. हा साठी ओलांडलेला माणूस ‘विरोधी पक्षनेत्याचा मान राखा’ असं ओरडत त्यांच्यातून चालत गेला. हा प्रसंग सगळे सांगतात. मला मात्र 1984-85 जास्त महत्त्वाचं वाटतं.

राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीच्या मागणीसाठी लाखोंच्या सभा झाल्या. लोक त्याला ‘सेन्योर दिरेतास’ म्हणू लागले, म्हणजे थेट निवडणुकीचा माणूस. 25 एप्रिल 1984 च्या रात्री संसदेत घटनादुरुस्तीला 298 मतं पडली. हवी होती 320. बावीस मतांनी सगळं गेलं. मग ज्या निर्वाचक मंडळाला त्यानं जन्मभर नावं ठेवली, त्याच्याच वाटेनं जायचं ठरलं. आणि उमेदवार तो नाही, तर सरकारी गोटातल्या नाराजांनाही चालणारे तांक्रेदो नेव्हेस. उलिसिसनं गिळलं. तांक्रेदो जिंकले, शपथविधीच्या आदल्या रात्री आजारी पडले आणि एप्रिलमध्ये गेले. खुर्चीवर बसले त्यांचे उपाध्यक्ष जोझे सार्ने, काल-परवापर्यंत लष्करी राजवटीच्या पक्षाचे अध्यक्ष! उलिसिसनं तेही गिळलं, आणि 1987 मध्ये 559 जणांच्या घटना समितीचा अध्यक्ष झाला. 5 ऑक्टोबर 1988 ला नवी राज्यघटना हातात उंच धरून उभा राहिला, तेव्हा बहात्तरी पुरी व्हायला एकच दिवस कमी होता. ‘हुकूमशाहीचा आम्हाला तिरस्कार आहे’ असं त्या दिवशी तो म्हणाला.

आता हेही ऐकून घे. 1989 मध्ये अखेर थेट निवडणूक आली, त्यानंच मागितलेली. तो उभा राहिला आणि सातवा आला. पाच टक्केही मतं नाहीत. सार्ने सरकारात त्याचा पक्ष सामील होता, महागाई वर्षाला हजार टक्क्यांवर गेली होती, आणि पक्षातलेच लोक त्याच्या प्रचारातून अंग काढून घेत होते. इथे तो चुकला असं माझं मत. त्याला कुणी स्पष्ट सांगितलं नसेल का? की सांगितलेलं त्यानं ऐकलं नाही? 1992 च्या ऑक्टोबरमध्ये आंग्रा दोस रेइसजवळ त्याचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. मृतदेह सापडलाच नाही.

तुला उभं केलं तेव्हा तू हरणार हे मला माहीत होतं. ते तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती चूक माझी.

गुरुवारी संध्याकाळी ये. बूथनिहाय आकडे आण, आणि प्रचारात ज्यांनी घरात बसवून चहा दिला त्यांची नावं वहीत लिहून आण. राजीनामा खणातच आहे. आकडे बघून झाल्यावर हवा असेल तर घेऊन जा.

तुझा,
काका