दारापासून फलाटापर्यंत

वाचकांचे प्रश्न

उपनगरी रेल्वेस्थानकांच्या लगत उभ्या राहणाऱ्या नव्या गृहसंकुलांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. स्थानकाच्या ‘जवळ’ म्हणजे नेमके किती जवळ, हे विचारणारी पत्रे सर्वाधिक असल्याने सुरुवात तेथूनच करतो.

प्रश्न : जाहिरातीत ‘स्थानकापासून पाच मिनिटांवर’ असे छापले होते, स्वतः चालून पाहिले तेव्हा अकरा मिनिटे लागली. ही मिनिटे मोजण्याचा काही नियम असतो का?

उत्तर : जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी असा नियम आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. तेथे 80 मीटर रस्त्याला एक मिनिट धरतात. अंतर नकाशावरील सरळ रेषेने न मोजता रस्त्याने मोजावे लागते, आणि हिशेबात अपुरे मिनिट उरले तर ते पूर्ण धरावे लागते. म्हणजे 410 मीटरांवरच्या इमारतीला पाच मिनिटे म्हणण्याची सोय नाही, सहाच म्हणावी लागतात. पूर्वी ही मोजणी संकुलाच्या आवाराच्या कडेपासून केली तरी चालत असे. सप्टेंबर 2022 पासून ती इमारतीच्या प्रवेशद्वारापासून करावी लागते, आणि अनेक इमारतींच्या मोठ्या संकुलात स्थानकाला सर्वांत जवळच्या इमारतीबरोबर सर्वांत लांबच्या इमारतीचेही अंतर द्यावे लागते.

इतका काटेकोर नियम असूनही सिग्नलपाशी थांबण्याचा वेळ, चढ आणि जिने त्यात धरलेले नाहीत. आपली पाचाची अकरा मिनिटे झाली ती बहुधा अशाच ठिकाणी. इमारत रुळांना अगदी खेटून असते, शयनगृहाच्या खिडकीतून फलाटावरचे घड्याळसुद्धा वाचता येते, पण तिकीटघर आणि प्रवेशद्वार रुळांच्या पलीकडे असते. मग पुलापर्यंत चालत जायचे, पूल चढायचा, उतरायचा आणि तेवढेच अंतर उलट दिशेने चालत यायचे. त्याआधी सकाळच्या गर्दीत सतराव्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहिलेली असते, ती वेगळीच. म्हणून घर पाहायला जाताना कामाच्या दिवशी, सकाळी, घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन सदनिकेच्या दारापासून फलाटावर आपण जेथे उभे राहणार त्या जागेपर्यंत चालून पाहावे आणि घड्याळ तेथे पोहोचल्यावरच थांबवावे.

यात आणखी एक गोष्ट धरावी लागते, जी जाहिरातीत कधीच नसते, ती म्हणजे गाड्यांमधील अंतर. स्थानक तीन मिनिटांवर आहे पण गाडी अर्ध्या तासाने येते, तर सरासरी पंधरा मिनिटे वाट पाहावी लागेल आणि एकूण अठरा मिनिटे जातील. स्थानक बारा मिनिटांवर आहे पण गाडी दर दहा मिनिटांनी येते, तर सरासरी सतरा मिनिटे जातील. वेळापत्रक पाहून घरून निघणारा सकाळची प्रतीक्षा वाचवू शकतो, हे खरे. पण संध्याकाळी काम केव्हा संपेल हे आपल्या हाती नसते, आणि नुकतीच सुटलेली गाडी फलाटावरून पाहणे हा अनुभव कोणाला सांगायला नको.

प्रश्न : सरकारे स्थानकांजवळच उंच इमारतींना परवानगी का देतात? आमच्या भागातील जुन्या बंगल्यांच्या मालकांचा याला विरोध आहे. तो चुकीचा म्हणावा का?

उत्तर : कल्पना जुनी आहे, आणि प्रथम ती सरकारांपेक्षा रेल्वे कंपन्यांनीच राबवली. जपानमधील ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो यांच्या रेल्वे कंपनीने, म्हणजे आजच्या हांक्यू कंपनीने, 1910 साली मार्ग सुरू केला तेव्हा त्या मार्गालगतची जमीन आधीच विकत घेऊन ठेवली होती. त्याच वर्षी इकेदा येथील घरे तिने हप्त्यांवर विकायला काढली. पुढे मार्गाच्या बाहेरच्या टोकाला करमणुकीची ठिकाणे आणि शहरातील टोकाला, 1929 साली, स्वतःचे मोठे दुकान उभारले, जेणेकरून सकाळी शहराकडे भरून जाणाऱ्या गाड्या उलट दिशेनेही रिकाम्या धावू नयेत. घरे, दुकाने आणि रेल्वे यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारी ही माणसे होती. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वेही त्याच सुमारास आपल्या मार्गावरच्या नव्या वसाहतींची अशीच जाहिरात करीत होती.

नगररचनाकारांचा विचार थोडा वेगळा आहे. कोपनहेगनच्या 1947 च्या आराखड्यात शहराची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी, उपनगरी रेल्वेच्या मार्गांवरच व्हावी आणि बोटांमधील जागा मोकळी राहावी, असे ठरले. तेथे आज 1500 चौरस मीटरांहून मोठी कार्यालये स्थानकापासून 600 मीटरांच्या आत असावीत, असा दंडक आहे, कारण माणूस घराकडून स्थानकाकडे जितका चालतो त्यापेक्षा स्थानकाकडून कचेरीकडे कमी चालायला तयार असतो. अमेरिकेतील आर्लिंग्टन येथे रूळ महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून न नेता जुन्या बाजाररस्त्याखालून नेले. स्थानकांभोवती उंच इमारती आणि बाहेर जावे तसतशी उतरती उंची, अशी आखणी तेथे केली. यात जुन्या बंगल्यांची वस्ती काही अंतरावर तशीच राहिली, आणि आपल्या पत्रातील वादाला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी आहे, असे मला वाटते.

आपल्याकडील बंगल्यांच्या मालकांसारखा विरोध इतरत्रही आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने जानेवारी 2021 मध्ये कायदा करून 177 नगरांना बहुकुटुंबी इमारतींसाठी क्षेत्र राखून ठेवण्याची सक्ती केली. सामान्यतः स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आत आणि एकरी किमान 15 घरे, असे त्याचे प्रमाण आहे. मिल्टन या नगरातील मतदारांनी फेब्रुवारी 2024 मध्ये तसा आराखडा मतदानाने फेटाळला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र त्याखालील मार्गदर्शक नियम योग्य पद्धतीने केलेले नाहीत, असेही सांगितले.

विरोध करणाऱ्यांच्या सावली, पाणी आणि शाळांविषयीच्या तक्रारी ऐकून घ्याव्यात. त्यांना उत्तरे आहेत आणि ती विकासकाने व नगरपालिकेने द्यायला हवीत. परंतु ज्या स्थानकासाठी सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे, त्याच्या दारातली जागा वीस-पंचवीस कुटुंबांसाठीच राखावी, हे म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : रुळांच्या बाजूला तोंड असलेली सदनिका स्वस्त मिळते आहे. विक्रेता म्हणतो की वरच्या मजल्यावर आवाज पोहोचत नाही. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही, आणि कारण साध्या गणिताने कळते. धावत्या गाडीचा आवाज एका बिंदूतून न येता लांब रेषेतून येतो. अशा आवाजाची पातळी अंतर दुप्पट झाले की सुमारे 3 डेसिबलने उतरते. आता समजा इमारत रुळांपासून 30 मीटरांवर आहे. दहाव्या मजल्यावरची, जमिनीपासून 30 मीटर उंच असलेली खिडकी रुळांपासून तिरकस रेषेत 42 मीटरांवर येते. म्हणजे एवढे मजले चढून आवाज जेमतेम दीड डेसिबलने कमी होतो. तो फरक कानाला कळणारही नाही. उलट रुळांकडेला आवाज अडवणारी भिंत असेल, तर तिचा फायदा तिच्या आडोशाला असलेल्या खालच्या मजल्यांनाच मिळतो. ज्या मजल्यावरून भिंतीपलीकडचे रूळ दिसतात, तेथे ती जवळपास निरुपयोगी असते. खिडकीत उभे राहून रूळ दिसतात का, एवढे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रेल्वेचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून वर्षभराच्या सरासरीने 54 डेसिबलच्या आणि रात्रीपुरता 44 डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. हे आकडे घराबाहेरच्या आवाजाचे आहेत. विकासकाकडे ध्वनिमापनाचा अहवाल असेल तर तो मागावा, आणि मोजणी रात्री केली होती का, हे त्यात आधी पाहावे. कारण त्या मार्गावरून मालगाड्या जात असतील तर त्या बहुधा रात्रीच जातात आणि प्रवासी गाड्यांपेक्षा अधिक खडखडतात. रूळ जेथे वळतात तेथे चाकांची किंचाळी असते, जेथे सांधे बदलतात तेथे ठोके बसतात, आणि स्थानकाच्या अगदी समोर असाल तर पहाटेपासून ध्वनिक्षेपकावरील सूचना पाठ होतात.

दुहेरी काचेच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्यांनी पुष्कळ फरक पडतो, पण त्या बंद असतील तेव्हाच. म्हणून खिडकी बंद ठेवून खोलीत ताजी हवा येण्याची वेगळी सोय आहे का, हे विचारावे. नसेल तर उन्हाळ्यातील पहिल्याच रात्री झोप आणि हवा यांतून एकाची निवड करावी लागेल. कंपनांची गोष्ट मात्र निराळी. ती जमिनीतून इमारतीच्या पायात आणि तेथून भिंतींत येतात. त्यांवर काचेचा उपाय चालत नाही, इमारत बांधतानाच पायात लवचीक आधार घालावे लागतात आणि ते नंतर घालता येत नाहीत. तयार सदनिका पाहताना टेबलावर पाण्याचा पेला ठेवून दोन-तीन गाड्या जाऊ द्याव्यात. विक्रेता थोडा अस्वस्थ होईल, होऊ द्यावा.

प्रश्न : स्थानकाजवळच्या नव्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला पार्किंग नाही. ही फसवणूक नाही का?

उत्तर : आधी सांगितले असेल तर नाही. गाडी फिरवण्याची वाट धरून एका गाडीला सुमारे 25 ते 30 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एका लहानशा घराएवढी, आणि तिचा खर्च गाडी नसलेल्या कुटुंबाच्या घराच्या किमतीतही मिसळलेला असतो. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2023 पासून मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्याच्या अर्ध्या मैलाच्या आतील बांधकामांवर किमान पार्किंगची सक्ती करण्यास, काही अपवाद वगळता, शहरांना मनाई केली आहे. पार्किंग बांधायला मात्र बंदी नाही. आपल्याला गाडी ठेवायचीच असेल तर ही इमारत आपल्यासाठी नाही, इतकाच याचा अर्थ.

प्रश्न : एकाच स्थानकाभोवती एवढी संकुले झाली, तर स्थानक पुरेल का?

उत्तर : अनेकदा पुरत नाही, आणि याचा धडा जपानमधील कावासाकी शहरातल्या मुसाशी-कोसुगी या स्थानकाने दिला आहे. जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर तेथे एकामागून एक मनोरे उभे राहिले. 2010 साली योकोसुका मार्गाचा फलाट सुरू झाल्यावर जागा आणखी सोयीची ठरली, आणि मग सकाळी आत शिरण्यासाठी प्रवाशांच्या रांगा प्रवेशद्वाराबाहेर रस्त्यावर येऊ लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही गाड्यांना मिळून एकच अरुंद फलाट होता. दुसरा फलाट डिसेंबर 2022 मध्ये वापरात आला. घरे खाजगी विकासक तीन-चार वर्षांत उभी करतो, दुसरा फलाट जोडायला रेल्वेला बारा वर्षे लागतात, हे या हिशेबातले खरे दुखणे आहे.

याच ठिकाणी ऑक्टोबर 2019 च्या वादळात पावसाचे पाणी नाल्यांतून उलटे फिरून 47 मजली मनोऱ्याच्या तळघरात शिरले, विजेची यंत्रणा बुडाली आणि लिफ्ट, पाणी, दिवे हे सारेच कित्येक दिवस बंद पडले. स्थानक चालण्याच्या अंतरावर होते, पण आधी चाळीस मजले उतरायचे होते. तेव्हा स्थानकाच्या गर्दीबरोबरच विजेची यंत्रणा कोणत्या मजल्यावर आहे, हाही प्रश्न विचारून घ्यावा.

प्रश्न : स्थानक अजून झालेले नाही, ‘लवकरच होणार’ आहे. आताच घर घ्यावे का?

उत्तर : तोक्योजवळच्या तामा नवनगरात पहिली कुटुंबे मार्च 1971 मध्ये राहायला आली, रेल्वे तेथे 1974 साली पोहोचली. तोपर्यंतची तीन वर्षे लोकांनी बसने जाऊन दुसरीकडचे स्थानक गाठत काढली, आणि तेथे तर सरकारी आराखडा पक्का होता. पुढे जपानने शहाणपणा दाखवला : 1989 साली घरे आणि रेल्वे यांची आखणी एकत्र करण्याचा कायदा झाला, आणि त्याच कायद्यान्वये आखलेला त्सुकुबा एक्स्प्रेसचा 58 किलोमीटरांचा मार्ग 2005 साली सुरू झाला. कायदा ते गाडी, सोळा वर्षे.

म्हणून ‘प्रस्तावित’, ‘मंजूर’ आणि ‘काम सुरू’ हे तीन शब्द एकमेकांपासून फार दूर आहेत, हे ध्यानात ठेवावे. निधी मंजूर झाला आहे का, जमीन ताब्यात आली आहे का, आणि कंत्राट दिले आहे का, हे रेल्वेच्या कागदपत्रांतून पाहावे. विकासकाच्या पुस्तिकेतून नव्हे. जे स्थानक नाही, ते कधीच होणार नाही असे समजून आजच्या बसने कामावर जाऊन पाहावे. तो प्रवास रोज जमण्यासारखा वाटला, तर घर घ्यायला हरकत नाही.