ऑथेल्लोचा घात केवळ मत्सराने होतो का?

शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाचा नायक, व्हेनिसचा सेनापती आणि धीरोदात्त म्हणून ओळखला जाणारा ऑथेल्लो मत्सरापायी पत्नीचा जीव घेतो, तेव्हा मत्सर हाच त्याचा घातक दोष मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मत्सराने त्याचा घात केला हे खरे. पण तो मत्सर इतक्या झपाट्याने फोफावला, याचे कारण सेनापती म्हणून घडलेल्या त्याच्या स्वभावात आहे.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश सावकाश वाचावा. आरंभी त्याची पत्नी डेस्डेमोना, पदावरून काढलेला त्याचा दुय्यम अधिकारी कॅसिओ याच्यासाठी रदबदली करते, तेव्हा ऑथेल्लो तिला काहीच नाकारू शकत नाही. प्रवेश संपेपर्यंत मात्र कॅसिओला तीन दिवसांत संपवण्याचा हुकूम इयागोला, म्हणजे त्याचे कान भरणाऱ्या कपटी हाताखालच्या अधिकाऱ्याला, मिळालेला असतो आणि पत्नीचा मृत्यूही ठरलेला असतो. मधल्या काळात हाती काय येते? कॅसिओ झोपेत बरळल्याची इयागोने रचलेली हकीकत आणि पत्नीचा रुमाल कॅसिओच्या हाती दिसल्याचा त्याने केलेला उल्लेख. (स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा तो रुमाल याच प्रवेशात, ऑथेल्लोने झिडकारल्यामुळे, डेस्डेमोनाच्या हातून पडलेला असतो, नाटककाराची ही क्रूर थट्टा मला अजूनही अस्वस्थ करते.) एकदा शंका आली की तिचा तिथेच निकाल लावायचा, असे ऑथेल्लो स्वतःच सांगतो. रणांगणावर ज्या बाण्याने त्याला कीर्ती मिळवून दिली, तोच बाणा इथे त्याला विचार करायला उसंत देत नाही. त्यातच आपला काळा वर्ण, उतरणीला लागलेले वय आणि दरबारी बोलण्याची उणीव ही शल्ये त्याच्या मनात आहेतच, आणि इयागो नेमके त्यांवर बोट ठेवतो.

पहिल्या अंकात डेस्डेमोनाचे वडील ब्रॅबॅन्शिओ यांनी, ऑथेल्लोने तिला जादूटोण्याने वश केल्याचा आरोप केला, तेव्हा ‘डेस्डेमोनाला बोलवा, तिलाच विचारा’ अशी मागणी ऑथेल्लोनेच व्हेनिसच्या सिनेटपुढे केली होती, आणि ती मान्य झाली म्हणूनच तो सुटला. पुढे पत्नीवर आरोप येतो, तेव्हा तिच्या शब्दाला तो तेवढीही किंमत देत नाही. चौथ्या अंकात इयागोची पत्नी आणि डेस्डेमोनाची सखी एमिलिया हिला तो विचारतो खरे. परंतु ती डेस्डेमोनाच्या शुद्धतेची ग्वाही देते, तेव्हा तिलाच कुंटीण ठरवतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी या नाटकावरून ‘झुंझारराव’ लिहिले आणि पुढे ‘संशयकल्लोळ’ही त्यांनीच लिहिले, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. ‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाचा पत्नीवरचा संशय ऑथेल्लोपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि तिथेही रुमालाच्या जागी एक तसबीर आहेच. पण तो निकाल लावून मोकळा होत नाही, संशय घेऊन नुसता पाळत ठेवत हिंडतो, आणि तेवढ्या अवधीत गैरसमजाचा गुंता सुटतो.