कॅम्पर पावसाळाभर उभी ठेवायचीय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

अमेरिका-कॅनडात लोक ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, थंडीत उभा करून ठेवतात. आपलं बरोबर उलटं, थंडीत सगळे कोकणात नाहीतर गोव्याला पळालेले आणि कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय करून घेतलेली गाडी, पार्किंगमध्ये पडून राहते ती जून ते सप्टेंबर. मुंबईत पाऊस यायची नॉर्मल तारीख ११ जून, त्यामुळे मे अर्धा झाला की मला तेच तेच मेसेज यायला लागतात. यावेळी त्यातले पाच घेतोय.

मुलुंडहून: ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर करून घेतलीय. सोसायटीत ओपन पार्किंग आहे, शेड नाही. निळी ताडपत्री घट्ट बांधून चार महिने ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार दादा. ताडपत्री वरचं पाणी अडवते हे खरं, पण खालून जमिनीची ओल वर येते ती आतच कोंडते, मग मधेच कडक ऊन पडलं की आत वाफ धरते, रंगाला फोड येतात आणि गाद्यांना बुरशी. शिवाय वाऱ्याने दोरी जिथे घासते तिथला रंग गेलाच म्हणून समजा. ताडपत्रीच वापरायची असेल तर पाईपचा सांगाडा उभा करा, टपापासून फूटभर वर ताडपत्री आणि बाजू उघड्या. कमिटीची परवानगी कशी काढायची ते मात्र तुमचं तुम्ही बघा, तिथे माझं ज्ञान संपतं.

पण झाकायच्या आधी गळती शोधा. एकाने सोसायटीचा पाईप घेऊन टपावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. जिथे जिथे टपाला भोक पाडलंय तिथे बघा, म्हणजे सोलर पॅनलचे स्क्रू, वरचा व्हेंट, एसीचा कटआऊट. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात प्लाय अंगठ्याने दाबून बघा, टणक लागला तर ठीक, दबला तर पाणी गेल्या वर्षीच आत शिरलंय आणि वरून नवीन सिलिकॉन मारून काही होणार नाही, पॅनल उघडावाच लागेल. जुनं सिलिकॉन खरवडून न काढता त्यावर नवीन मारणारे कारागीर भरपूर आहेत, उभं राहून करून घ्या.

आतलं सोपं आहे. टाकी रिकामी, नळ उघडे, गाद्या उभ्या, कपाटं उघडी, फ्रीजचं दार किलकिलं ठेवून मधे कापडाची घडी. मसाले, मॅगी, चादरी सगळं घरी. गॅस सिलिंडर काढून ठेवा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर तळाशी साचून राहतो. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात ते दोन-तीन ठेवा, त्यात पाणी साचलं की बदलायचे. आणि उघडीप मिळाली की तासभर सगळी दारं उघडा, याला पर्याय नाही.

बोरिवलीहून: वॉचमनला सांगून ठेवलंय, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू करतो. तरी बॅटरी बसली. असं कसं?

म्हणूनच बसली! स्टार्टर मारताना बॅटरीतून भरपूर करंट जातो आणि दहा मिनिटं आयडलवर ठेवून तो पूर्ण भरून निघत नाही, म्हणजे दर आठवड्याला थोडी थोडी खालीच जात होती. वर इंजिन नीट तापत नाही त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी राहतं ते वेगळंच. एकतर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा नाहीतर सरळ बॅटरीची काळी (निगेटिव्ह) वायर काढून ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायची, महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावायचा, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ च्या खाली आली की चार्जरला लावा. मागे फ्रीज-दिव्यांसाठी वेगळी लिथियम बॅटरी असेल तर नियम उलटा, ती अर्धी चार्ज ठेवून मेन स्विच बंद. आणि वायर काढली की रिमोट लॉक चालणार नाही, साधी चावी हाताशी ठेवा.

हँडब्रेकही ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा.

दादरहून एक काकू: मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो, त्याने ट्रेलर घेतलाय. थंडीत म्हणे पिण्याच्या पाण्याच्या पाईपात गुलाबी केमिकल भरतो. विषारी नाही ना ते?

काकू, काळजी नको, मुलगा बरोबर करतोय. तिकडे पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, मग पाईप, पंप, पाणी तापवायच्या हीटरची टाकी काय वाट्टेल ते फुटतं. म्हणून आधी सगळं पाणी काढतात, हीटर बायपास करतात (लाईनीतून वगळतात), नाहीतर ती टाकीच त्या गुलाबीचे पाच-सहा गॅलन पिऊन टाकते, आणि मग ते गुलाबी भरतात. थोडं बेसिनखालच्या वाकड्या पाईपातही ओततात. ते सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, याच कामासाठी बनवलेलं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट मात्र विषारी, ते पाण्याच्या लाईनीत कधीच नाही. डब्यावरचं नाव त्याला एकदा वाचायला सांगा. उन्हाळ्यात जाल तेव्हा त्याने लाईन स्वच्छ पाण्याने धुतली का तेवढं विचारा आणि बिनधास्त चहा ठेवा. आपल्याकडे हे काही लागत नाही.

परळहून: घुशींनी वायरिंग खाल्लं. तंबाखूची पानं ठेवू की डांबरगोळ्या?

दोन्ही करून बघा, भरवसा कशाचाच नाही. खालून वायर-पाईप आत येतात ती भोकं बारीक जाळीने बंद करा आणि कचऱ्याच्या डब्यापासून गाडी लांब लावा.

सायनहून: आमच्या गल्लीत दरवर्षी पाणी भरतं. इन्शुरन्स आहे, मग टेन्शन नाही ना?

टेन्शन आहे. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला तरी पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर कंपन्या सहसा हात वर करतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. तेव्हा पाणी शिरलं तर किल्ली फिरवायची नाही, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टो करून न्यायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, तसं काही झालं तर कुठलीच गल्ली सुटत नाही, पण एरवीचं टाळता येतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी जोरात पाऊस असेल तर आदल्या रात्रीच गाडी उंचावर हलवा.

पॉलिसी मधेच संपत असेल तर आत्ताच रिन्यू करा, ९० दिवसांच्या वर गॅप गेला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. आणि अजून एक, जे बरेच जण विसरतात. फ्रीज, इन्व्हर्टर, सोलर हे सगळं तुम्ही नंतर बसवलेलं असेल तर ते पॉलिसीत वेगळं लिहून प्रीमियम भरलेला असला पाहिजे, नाहीतर क्लेममध्ये फक्त मूळ गाडीच धरतात. बिलं शोधून काढा आणि पावसाच्या आधी एजंटला फोन लावा.